ऑर्गनचा भाता पुन्हा उभा करताना

नवा ऑर्गन पारखायला योहान सेबास्टियन बाख यांना बोलावलं की ते आधी सगळे स्टॉप, म्हणजे नळ्यांचे संच उघडणाऱ्या खुंट्या, ओढून घेत आणि भरगच्च स्वरमेळ वाजवून बघत. या वाद्याची फुफ्फुसं धड आहेत का, ते आधी कळू दे, असं ते थट्टेने म्हणत. ही आठवण त्यांचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने सांगून ठेवली आहे. थट्टेत मर्म होतं. मोजके स्टॉप उघडून हळुवार वाजवलेला ऑर्गन कुणालाही गोड लागतो. शेकडो नळ्या एकदम हवा मागू लागल्या, त्यातही पायपट्ट्यांच्या अजस्र नळ्या तोंड उघडून बसल्या, म्हणजे मग भात्यात किती दम आहे ते उघडं पडतं.

हा लेख त्या फुफ्फुसांविषयी आहे. ऑर्गनच्या पोटात, श्रोत्यांना कधीही न दिसणाऱ्या जागी, हवा साठवणारा एक मोठा भाता असतो. तो जुना झाला, गळू लागला, की दुरुस्त कसा करतात आणि करताना कशाला हात लावायचा नसतो, ते पाहू. उदाहरणं मुख्यतः इंग्लंडमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्गनची घेतली आहेत. या जातीचा भाता तिथेच सर्वाधिक रुळला.

दोन भाते, दोन कामं

हार्मोनियम उघडून पाहिलेल्या माणसाला अर्धी गोष्ट आधीच ठाऊक असते. डाव्या हाताने आपण मागचा भाता हलवतो, पण ती हवा थेट सुरांकडे जात नाही. पेटीच्या तळाशी आणखी एक भाता असतो आणि स्प्रिंगा त्याला सतत दाबून धरतात. हात क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही, तो या आतल्या भात्यामुळे. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, त्याच्या कितीतरी आधीपासून मोठ्या ऑर्गनमध्ये हीच विभागणी होती. हवा ओढून घेणारे ते भरणीचे भाते आणि ती दाबून धरणारा तो साठ्याचा भाता.

(आपल्या संगीत नाटकांत साथीला असायचा तो ऑर्गन वेगळा. तो पायाने चालणारा, पितळी सुरांचा. त्यातल्या अमेरिकन बनावटीच्या वाद्यांत तर भाता हवा फुंकत नाही, ओढतो. नळ्यांचा ऑर्गन म्हणजे पाइप ऑर्गन, आणि इथे विषय त्याचा आहे.)

साठ्याचा भाता म्हटलं की तो हवेची टाकी आहे असं वाटतं. साठा तो करतोच, पण त्याचं खरं काम दाब एकसारखा राखणं हे आहे. नळीचा स्वर ती किती लांब आहे यावर ठरतो, तसा थोडा हवेच्या दाबावरही ठरतो. दाब चढला की शिटीच्या जातीची नळी चढी बोलते, उतरला की उतरी. जिभाळीच्या नळ्या, म्हणजे ज्यांत पितळेची जीभ थरथरते त्या, दाबाच्या फरकाला वेगळ्या प्रमाणात दाद देतात. त्यामुळे दाब हलला की ऑर्गन नुसता बेसूर होत नाही, त्याच्या दोन जाती एकमेकींपासून फारकत घेतात.

माणसांच्या पायांवर चालणारी हवा

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने केलेल्या ऑर्गनमध्ये दाब राखायचं काम पाण्याकडे होतं. पुढे भाते आले आणि ते दाबायला माणसं आली. दहाव्या शतकातल्या विंचेस्टरच्या ऑर्गनला २६ भाते होते आणि ते चालवायला ७० माणसं लागत, असं एका समकालीन कवीने लिहून ठेवलंय. कवीचा आकडा म्हणून थोडा सोडून देऊ, तरी घाम गाळणारी माणसं पुष्कळ असणार यात शंका नाही.

जर्मनीत या माणसांना काल्कांट म्हणत. पाचरीच्या आकाराचे, एका बाजूला बिजागरी असलेले भाते ओळीने मांडलेले असत आणि काल्कांट एकामागून एक त्यांच्या दांड्यांवर उभे राहून ते उचलत. पाय काढला की भाता आपल्या वजनाने खाली बसे आणि हवा देई. वाजवणाऱ्याने एक खुंटी ओढली की काल्कांटांच्या खोलीत घंटा वाजे, चला कामाला लागा. इंग्लंडमध्ये बहुधा एकटा पोऱ्या लांब दांडा वर-खाली करत उभा असे. त्याच्यासमोर दोरीला टांगलेलं शिशाचं छोटं वजन असे. भाता जसा भरे-रिकामा होई तसं ते वजन सरके, आणि ते एका खुणेपलीकडे जाऊ द्यायचं नाही एवढंच त्या पोऱ्याचं काम. जुन्या ऑर्गनच्या बाजूच्या फळ्यांवर या पोरांनी कोरलेली नावं आजही सापडतात.

नंतर पाण्याच्या दाबावर चालणारी इंजिनं आली, वाफेची आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचा पंखा म्हणजे ब्लोअर आला. भरणीचे भाते बेकार झाले. बऱ्याच ठिकाणी ते काढून टाकले गेले, काही ठिकाणी साठ्याच्या भात्याखाली तसेच लटकत राहिले. साठ्याचा भाता मात्र टिकला. ब्लोअर हवा भरपूर देतो, पण त्याच्या हवेत थरथर असते आणि मागणीप्रमाणे तिचा दाब हलतो.

घड्याळजीची युक्ती

पाचरीचा भाता मिटत जातो तसा त्याचा दाब हलतो. आडवा, सपाट वर-खाली होणारा भाता केला तरी ही खोड पूर्ण जात नाही. कारण त्याच्या बाजूंना पातळ फळ्यांच्या दुमडत्या बरगड्या असतात आणि आतली हवा त्यांनाही ढकलत असते.

बरगड्या आत दुमडणाऱ्या असल्या, तर भाता मिटत आला की त्या वरच्या फळीखाली आडव्या होतात. फळी उचलून धरायला हवेला मिळणारी जागा तेवढी कमी होते. वजन तेच आणि जागा कमी, म्हणजे दाब चढतो. बरगड्या बाहेर दुमडणाऱ्या असल्या, तर मिटताना त्या फळीच्या बाहेर पसरतात. वजन तोलायला हवेला जास्त जागा मिळते आणि दाब उतरतो.

मग दोन्ही एकाच भात्यात बसवल्या तर? खाली एक थर, वर एक थर, मध्ये तरंगती चौकट. एका थराच्या बरगड्या आत वळणाऱ्या, दुसऱ्याच्या बाहेर. एकाची चढ दुसऱ्याची उतर खाऊन टाकते आणि दाब जवळजवळ सरळ रेषेत राहतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या युक्तीचं श्रेय सहसा अलेक्झांडर कमिंग या लंडनमधल्या स्कॉटिश घड्याळजीला दिलं जातं. याच कमिंगने १७७५ मध्ये वळणदार नळी असलेल्या पाण्याच्या संडासाचं पेटंट घेतलं. पाणी अडवणं आणि हवा तोलणं ही दोन्ही कामं एकाच डोक्यात बसली याचं मला तरी नवल वाटत नाही. घड्याळजी आयुष्यभर असमान जोराकडून समान काम करून घेत असतो.

युक्ती चालायची तर दोन्ही थर सारखेच उघडले पाहिजेत. त्यासाठी भात्याच्या बाजूंना कात्रीसारख्या जोडलेल्या लोखंडी पट्ट्या असतात. त्या मधल्या चौकटीला नेहमी अर्ध्या उंचीवर धरतात आणि वरची फळी तिरकी होऊ देत नाहीत. या पट्ट्यांची खिळी झिजली की भाता एका अंगाने कलतो, आणि कललेल्या बाजूचं कातडं आधी फाटतं.

वजनाचा हिशेब

ऑर्गनमधला दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. यू आकाराच्या काचेच्या नळीत पाणी भरायचं, एक तोंड हवेच्या नळाला लावायचं, दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते पट्टीने बघायचं. साध्या चर्चमधल्या ऑर्गनला तीन इंच म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर दाब पुष्कळ होतो.

तो दाब भात्याच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या वजनांतून येतो. गणित सोपं आहे. एक चौरस मीटर फळीवर एक मिलिमीटर पाण्याचा दाब हवा असेल तर एक किलो वजन लागतं. फळी दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असेल तर क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर. ७५ मिलिमीटरला वजन लागणार साधारण १८७ किलो, फळीचं स्वतःचं वजन त्यातच धरून. ओतीव लोखंडाच्या लाद्या, शिशाचे ठोकळे, कुठे कुठे साध्या विटा, असं काहीही वर रचलेलं दिसतं.

म्हणूनच भाता उतरवताना पहिलं काम हातात पेन्सिल घेण्याचं. प्रत्येक लादीवर आकडा घालायचा, ती कुठे होती त्याचा नकाशा काढायचा, प्रत्येकीचं वजन करून लिहायचं. दाबही काम सुरू होण्याआधीच मोजून ठेवायचा. मूळ बांधणाऱ्याने सगळ्या नळ्यांचा आवाज याच दाबावर जुळवलेला असतो. नंतरच्या काळात कुणी आवाज वाढावा म्हणून दोन विटा ठेवून दिलेल्या असतात, तेही बघावं लागतं. विटा बाकी सगळ्यांहून वेगळ्या रंगाच्या आणि धुळीच्या पातळ थराच्या असल्या की संशय घ्यायला हरकत नाही.

कातडं का कुजतं

लाकूड शेकडो वर्षं टिकतं. सांध्यांवरचं कातडं टिकत नाही. बरगड्यांच्या सरळ सांध्यावर कातडं एकाच दिशेला दुमडतं. चार कोपऱ्यांवर मात्र दोन दिशांच्या घड्या एकत्र येतात, तिथे कातड्याचे त्रिकोणी तुकडे बसवलेले असतात आणि भात्याच्या प्रत्येक हालचालीला ते पिळले जातात. गळती जवळजवळ नेहमी कोपऱ्यातून सुरू होते.

झिजेपेक्षा मोठा शत्रू हवेत असतो. झाडांच्या सालीने कमावलेलं कातडं शहरी धुरातला गंधकाचा वायू शोषून घेतं. हळूहळू त्यात गंधकाम्ल तयार होतं. कातडं लालसर पडतं, बोटाने घासलं की भुकटी होते. पुस्तकांच्या बांधणीतही हाच रोग होता. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यासाठी समिती नेमली, तेव्हा दिव्यांच्या गॅसचा धूर आणि कमावताना वापरलेलं आम्ल यांवर ठपका आला. व्हिक्टोरियन चर्चमध्ये गॅसचे दिवे होते, बाहेर कोळशाची शहरं होती, आणि ऑर्गन तीच हवा रोज पोटात घेत होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यवर्ती हीटिंग आलं. हिवाळाभर कोरड्या झालेल्या हवेने रुंद फळ्यांना उभे तडे गेले आणि गळतीला दुसरी वाट मिळाली.

दुखणं शोधताना

ब्लोअर चालू करून शांत बसलं तरी पुष्कळ कळतं. सूसू आवाज कुठून येतो, तो भाता भरल्यावर वाढतो की कमी होतो ते ऐकायचं. ओल्या हाताची पाठ सांध्यांवरून फिरवली की झोत लगेच लागतो. मग ब्लोअर बंद करून, एकही पट्टी न दाबता, भाता किती वेळात खाली बसतो ते घड्याळ लावून बघायचं. चांगला भाता सावकाश, कुरकुर न करता बसतो. फाटलेला धपकन खाली येतो.

इथे एक सावधगिरी. गळती सगळी भात्याचीच असते असं नाही. लाकडी हवानळांचे सांधे, नळ्यांखालच्या हवापेट्या, झडपांवरचं कातडं, सगळं तपासावं लागतं. कधी भाता ठणठणीत असतो आणि दोष निघतो ब्लोअरच्या तोंडावरच्या पडद्यात. खिडकीच्या गुंडाळी पडद्यासारखी ही झडप असते. तिची दोरी भात्याच्या फळीला बांधलेली असते. भाता भरला की पडदा खाली येऊन हवा अडवतो, रिकामा होऊ लागला की वर गुंडाळला जातो. दोरी तुटली की भाता एकतर फुगून तटतटतो किंवा उपाशी राहतो. दोरी बदलली की काम झालं. शंभर वर्षांच्या भात्याला हात लावायची गरजच नाही.

मग ठिगळांची तपासणी. चर्चमधल्या उत्साही मंडळींनी वर्षानुवर्षं डकवलेलं सगळं इथे भेटतं. चिकटपट्ट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद, सिलिकॉन. हेतू चांगला असतो. पण सिलिकॉन एकदा लाकडाच्या रंध्रांत गेला की त्यावर सरस धरत नाही, आणि ती जागा खरवडून ताजं लाकूड उघडं करावं लागतं. तात्पुरतं ठिगळ लावायचंच असेल तर कातड्याचं लावावं आणि सरसाने लावावं. ते पुढच्याला विनासायास काढता येतं.

उतरवणं आणि सोलणं

ऑर्गन बांधताना भाता बहुधा आधी बसतो आणि बाकी वाद्य त्याच्यावर उभं राहतं. त्यामुळे तो बाहेर काढायचा म्हणजे हवानळ सोडवायचे, चालण्याच्या फळ्या काढायच्या, काही नळ्या उतरवून कापडात गुंडाळून ठेवायच्या. कधी कधी तो निघतच नाही. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये अडकलेला असतो. मग दुरुस्ती करणारा पाठीवर झोपून, टॉर्च दातात धरून, जागच्या जागी काम करतो. तसं केलेलं काम कार्यशाळेतल्या इतकं सुबक होत नाही, हे सगळे मान्य करतात.

बाहेर काढलेल्या भात्याचं जुनं कातडं सोलायला लागतो फक्त ओलावा आणि ऊब. मूळचा सरस ओल्या उबेत मऊ होतो. गरम पाण्यात पिळलेली फडकी सांध्यांवर दाबून ठेवायची, थोड्या वेळाने बोथट पात्याने कातडं उचलायचं. घाई केली की लाकडाचे तंतू उचकटतात. काजळी आणि भुशासारखा लाल चुरा उडत असतो, म्हणून मास्क लावल्याशिवाय कुणी हे काम करत नाही.

बरगड्या सुट्या करताना प्रत्येकीवर आकडा, बाजू आणि वरचं-खालचं तोंड लिहायचं. हाताने बनवलेल्या भात्यात चारही बाजू कागदावर सारख्या असल्या तरी प्रत्यक्षात सूतभर फरक असतो. अदलाबदल झाली की घडी नीट बसत नाही. आतल्या अंगाला कधी जुन्या हिशेबवह्यांचे किंवा वर्तमानपत्रांचे कागद चिकटवलेले निघतात, कधी पेन्सिलीने लिहिलेली कारागिराची सही आणि तारीख. वाद्याच्या इतिहासासाठी हा पहिल्या प्रतीचा पुरावा. फोटो काढून तो जसाच्या तसा ठेवतात. आपली सही आणि तारीख शेजारी लिहायची चालही आहे.

तडे गेलेल्या फळीत खाच काढून त्याच जातीच्या जुन्या लाकडाची पातळ पट्टी बसवतात. तड्यात लांबी भरणं हा आळशी उपाय. ऋतू बदलला की फळी हलते, लांबी हलत नाही, आणि तडा शेजारून पुन्हा उघडतो. शेवटी आतून पातळ सरसाचा हात फिरवतात म्हणजे लाकडाची रंध्रं बुजतात.

तुरटीचं कातडं आणि सरस

नवं कातडं मेंढीचं, आणि शक्यतो तुरटीने कमावलेलं. ते पांढरंशुभ्र, मऊ आणि लवचिक असतं. झाडाच्या सालीतली द्रव्यं त्यात नसतात, त्यामुळे लाल भुकटीचा रोग त्याला सहजी लागत नाही. मध्ययुगातल्या ग्रंथांच्या तुरटीच्या कातड्यातल्या बांधण्या आजही शाबूत आहेत. त्याचं वैर पाण्याशी. भिजलं की तुरटी धुऊन जाते आणि कातडं कडक पडतं. म्हणून ऑर्गनवरचं छत गळत असेल तर आधी छत, मग भाता.

पूर्ण कातडं टेबलावर पसरून उजेडासमोर धरतात. पाठीच्या कण्याजवळचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. सरळ सांध्यांच्या लांब पट्ट्या घट्ट भागातून काढायच्या, पोटाकडचं सगळ्यात पातळ कातडं टाळायचं. मेंढी चरताना काट्याने ओरखडलेल्या जागा उजेडात पिनेएवढ्या ठिपक्यांसारख्या चमकतात. त्यावर खडूने फुली मारायची.

यानंतरचं काम सगळ्यात कसबाचं. प्रत्येक तुकड्याची कड धारदार पात्याने तिरकी छिलून कागदाइतकी पातळ करायची. जाड कड तशीच चिकटवली तर दोन-चार हजार घड्यांनंतर ती उचलली जाते, आणि हवा आत शिरली की पुढचं तीच उलगडत नेते. छिलणाऱ्याचा अंगठा कडेच्या जाडीचा अंदाज घेत असतो. यंत्रं आहेत, तरी कोपऱ्यांचे तुकडे बहुतेक कार्यशाळांत हातानेच छिलले जातात.

चिकटवायला सरस. हाडं-कातडी उकळून केलेला, आपल्याकडच्या जुन्या सुतारांना परिचित असलेला तोच. दाणे थंड पाण्यात भिजवून फुगवायचे, मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचे. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचा. उकळला की त्याची ताकद जाते. लाकूडही कोमट करून घ्यावं लागतं, नाहीतर ब्रश फिरवेपर्यंत सरस गोठतो. कातडं बसवायचं, हाडाच्या चपट्या पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यायचं, बाहेर आलेला सरस गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचा. एवढं सगळं मिनिट-दीड मिनिटात.

आधुनिक पांढरे गोंद वापरायला कितीतरी सोपे आहेत. त्यांना थंड लाकूड चालतं आणि घाई नसते. तरी जाणते लोक ते टाळतात, कारण साठ-सत्तर वर्षांनी कुणीतरी हे कातडं पुन्हा काढणार आहे. सरस ओल्या फडक्याने सुटेल, पांढरा गोंद लाकूड घेऊन सुटेल. कातड्याऐवजी रबराचा थर दिलेलं कापड वापरायचाही काळ होऊन गेला. स्वस्त आणि हवाबंद, पण रबर वयाने चिरकतं आणि कापडाची घडी जिथे पडते तिथेच ते आधी सुटतं. काही कामांना ते चालतं. मुख्य भात्याला मी तरी ते लावू देणार नाही.

बांधायचा क्रम ठरलेला आहे. आधी बरगड्यांच्या जोड्या आतून सुती पट्टीच्या आणि बाहेरून कातड्याच्या बिजागरीने जोडायच्या. मग त्या चौकटींना, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्याचा तुकडा बसवताना भाता पूर्ण उघडलेला हवा, आणि तुकड्यात किंचित ढील हवी. ताणून बसवलेला कोपरा पाहायला देखणा दिसतो आणि सगळ्यात आधी फाटतो. सरस पूर्ण वाळेपर्यंत भाता उघडाच ठेवतात, नाहीतर ओल्या घड्या एकमेकींना चिकटून बसतात.

भाता काढूनच टाकला तर?

हा प्रश्न गंमतीचा नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत असंख्य ऑर्गनचे मोठे भाते भंगारात गेले. त्यांच्या जागी प्रत्येक हवापेटीखाली स्प्रिंगवर तरंगणारा एक छोटा दाबनियंत्रक आला. जर्मन नावाने त्याला श्विमर म्हणतात. तो कमी जागा घेतो, कातडं कमी लागतं, आणि मागणी आली की क्षणात दाब सावरतो. नव्या वाद्यात तो मूळ आराखड्यातच असेल तर माझी तक्रार नाही.

जुन्या वाद्यात मात्र हा सौदा महाग पडतो. मोठा भाता मोठ्या स्वरमेळाला अगदी थोडा लवतो आणि लगेच सावरतो. त्या लवण्यात आवाजाला एक गोलाई येते. व्हिक्टोरियन कारागिराने नळ्यांचे ओठ घासून आवाज घडवले ते हे लवणं गृहीत धरून. श्विमरवर तीच नळी ताठ, कोरडी वाटते. शिवाय त्यातली गळती काढायची तर दरवेळी हवापेटीच्या पोटात शिरावं लागतं. ऐतिहासिक ऑर्गनना प्रमाणपत्रं देणाऱ्या ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ ऑर्गन स्टडीजसारख्या संस्थांमुळे आता मूळ भाता राखण्याकडे कल वाढला आहे. काही चर्चनी काढलेले भाते जुन्या मापांनी पुन्हा बनवून घेतले. भंगारात घालताना लागले त्याच्या कैकपट पैसे त्यांना मोजावे लागले असणार.

मोठ्या प्रमाणावरच्या दुरुस्तीचं उदाहरण लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं. १८७१ मध्ये हेन्री विलिस यांनी तो ऑर्गन बांधला तेव्हा त्याची हवा वाफेच्या इंजिनांवर चाले. १९२४ ते १९३३ या काळात हॅरिसन अँड हॅरिसन यांनी तो पुन्हा बांधला. शतकाच्या अखेरीस कातडी थकली आणि हवेची गळती इतकी झाली की पूर्ण ताकदीने वाजवणं अवघड होऊ लागलं. २००२ ते २००४ मध्ये मँडर या ऑर्गन बांधणाऱ्या कंपनीकडून मोठी दुरुस्ती झाली. तिच्या अखेरीस नळ्यांची संख्या ९,९९९ भरली. हवेच्या व्यवस्थेवरही काम झालं, पण ते या आकड्यासारखं डोळ्यांत भरत नाही.

भात्याकडे एकदाच साऱ्या जगाचं लक्ष गेलं, ते जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावात. तिथे जॉन केज यांची एक रचना ६३९ वर्षं चालेल इतक्या सावकाश वाजवली जात आहे. ५ सप्टेंबर २००१ रोजी ती सुरू झाली. रचनेच्या आरंभी विराम असल्यामुळे पहिले १७ महिने भात्यात हवा भरल्याचा आवाज तेवढा होता.

मुंबईच्या हवेत

मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रल आणि कुलाब्याचं होली नेम कॅथीड्रल इथे पाइप ऑर्गन आहेत. इंग्लंडमध्ये कोरडेपणाने फळ्या चिरतात, इथे उलट. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सरस ओल पकडतो, कातड्याला बुरशी येते. सरस आणि कातडं दोन्ही झुरळांना प्रिय. पेटी दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, भात्याच्या घडीत पहिल्यांदा काय शोधता म्हणून. तिकडच्या कारखान्यांनी उष्ण देशांत पाठवलेल्या वाद्यांत सांधे नुसत्या सरसावर न सोडता स्क्रूंनीही पक्के केलेले आढळतात, ते याचसाठी. अशा वाद्यांत स्क्रू काढून फक्त सरसाने सांधणारा दुरुस्तीवाला पुढच्या जुलैत परत बोलावला जातो.

पुन्हा हवा भरताना

भाता जागेवर बसला, हवानळ जोडले, की लाद्या नकाशाप्रमाणे परत रचायच्या. लगेच पूर्ण वजन टाकत नाहीत. आधी निम्म्या वजनावर भाता काही वेळा सावकाश भरून रिकामा करतात, म्हणजे नव्या कातड्याला घड्यांची सवय होते. वर चढताना फळी पाणसळीत राहते का, कात्रीच्या पट्ट्या कुठे अडतात का, भाता पूर्ण भरल्यावर जादा हवा सोडणारी झडप वेळेवर उघडते का, हे बघतात. मग यू नळी लावून, भात्याची फळी तळाशी, मध्यावर आणि माथ्यावर असताना दाब मोजायचा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले तर दोन्ही थर सारखे उघडताहेत. फार फरक असेल तर बरगड्या किंवा पट्ट्या पुन्हा तपासायच्या.

शेवटी वाजवून बघणं. पट्ट्यांच्या एका ओळीवर लांब स्वर धरून ठेवायचा आणि दुसरीवर तुटक, जोरदार स्वरमेळ द्यायचे. धरलेला स्वर थरथरला तर हवा अजून कुठेतरी अडते आहे. भाता निर्दोष असेल तर अनेकदा दोष अरुंद हवानळात सापडतो. दाब जुन्या नोंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त भरतो, असाही अनुभव येतो. पूर्वीच्या मोजणीत गळती होती, आता ती बंद झाली. अशा वेळी वजन कमी करण्याआधी नळ्या ऐकाव्यात. मूळ बांधणाऱ्याच्या कागदपत्रांत दाब लिहिलेला सापडला तर निर्णय सोपा होतो, नाही सापडला तर आवाज जिथे मोकळा लागतो तो दाब धरायचा. सुरात लावण्याचं काम मात्र लगेच करत नाहीत. कातडं मऊ व्हायला आणि दाब स्थिरावायला काही आठवडे जाऊ देतात आणि मगच लावणाऱ्याला बोलावतात.